पद्मिनीचा कार्बोरेटर आणि खारा वारा

अलिबागहून मुरूडमार्गे दक्षिणेस उतरणारा रस्ता राजपुरीच्या खाडीपाशी जेथे संपतो, आणि पलीकडच्या दिघीस जाणाऱ्या वाहनांस जेथे फेरीबोटीची प्रतीक्षा करीत उभे राहावे लागते, त्या आगरदांड्याच्या धक्क्यावर जुन्या मोटारीच्या कार्बोरेटरची जशी कसोटी लागते तशी ती घाटातसुद्धा लागत नाही. घाटात इंजिन वेगाने फिरत असल्यामुळे त्याचे पुष्कळसे दोष झाकून जातात. रांगेत मात्र इंजिन मंद गतीवर ठेवून तिष्ठावे लागते आणि बोटीत चढता-उतरताना एकाएकी जोर मागावा लागतो. मंद गतीवर इंजिन थरथरून बंद पडू लागले, किंवा पाय दाबताच क्षणभर अडखळू लागले, की मालकाने दुरुस्तीची तजवीज करावी.

या मुलखात जुनी मोटार म्हटली की बहुधा फियाट किंवा तिचेच पुढील रूप असलेली पद्मिनी डोळ्यांपुढे येते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून बाहेर पडू लागली, १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विख्यात झाली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील तिची टॅक्सी म्हणून असलेली सेवा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी समाप्त झाली. तिच्या १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनावर सामान्यतः सोलेक्स जातीचा एकनळी कार्बोरेटर बसविलेला आढळतो.

त्याचे कार्य मुळात साधे आहे. इंजिनाने ओढून घेतलेली हवा नळीच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग धारण करते व तेथील तिचा दाब उतरतो. या उतरलेल्या दाबामुळे शेजारच्या कुंडीतील पेट्रोल बारीक छिद्राच्या जेटमधून वर येऊन तुषाररूपाने हवेत मिसळते. कुंडीतील पातळी तरंगता फ्लोट व त्याच्या वरची सुई राखतात. एक पातळ पडदा पाय दाबताच पेट्रोलची जादा पिचकारी देतो. आणि तळाशी स्पिंडलवर बसविलेली पितळी चकती किती मिश्रण आत सोडावयाचे ते ठरविते. वजनाने सुमारे पंधरा भाग हवेस एक भाग पेट्रोल हे प्रमाण साधले की ज्वलन यथायोग्य होते.

आता खरा रोग कोठे असतो हे नीट पाहिले पाहिजे, कारण येथेच पैसा व्यर्थ जातो. बाजारातून किट आणून गॅस्केटे, सुई व पडदा बदलले तरी मोटार पूर्ववत कुरकुरत राहते, अशी पुष्कळांची कैफियत असते. वर्षानुवर्षे फिरून फिरून स्पिंडलची भोके अंडाकृती झालेली असतात आणि त्या फटीतून, कोणत्याही जेटने न मोजलेली हवा आत शिरते. मिस्त्री याला ‘हवा खेचते’ म्हणतात. परीक्षा सोपी आहे: इंजिन मंद चालू असता स्पिंडलच्या दोन्ही टोकांशी तेलाचे चार थेंब सोडावेत, त्याची चाल बदलली तर निदान झाले. किट हा या रोगावरचा इलाजच नव्हे. भोके रीमरने मोठी करून त्यांत पितळी बुश ठोकावे लागतात, आणि दोन्ही बुश एकाच रेषेत रीम करून नवा स्पिंडल बसवावा लागतो. हे काम कुशल लेथवाल्याचे आहे. चकतीचे दोन बारीक स्क्रू मागील बाजूने चेपलेले असतात. ते टोक कानशीने घासल्याविना स्क्रू फिरविला तर तो तुटतो, आणि बसविताना पुन्हा चेपला नाही तर सुटून थेट इंजिनात जातो. चकतीच्या कडा तिरप्या असतात, म्हणून ती काढण्यापूर्वी खूण करून ठेवावी.

बुडाची पट्टी, विशेषतः नट अतोनात आवळल्यामुळे वाकलेली, काचेवर ठेवून तपासावी. जेट तारेने कधीही साफ करू नयेत. त्यांवरील अंक छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतात आणि तारेचा एक ओरखडाही ते माप बिघडवितो. हवेचा झोत पुरे. पातळी चुकत असेल तर सुईच्या झडपेखालील वायसरची जाडी बदलावी.

आगरदांड्यासारख्या किनारी गावात आणखी दोन शत्रू आहेत. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव अंगावर खाऱ्या, दमट वाऱ्याने पांढरी भुकटी धरते व ती बारीक मार्गांत साचते. दुसरा शत्रू पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल, ज्याचे प्रमाण आता वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले आहे. ते ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराला फुगविते. म्हणून नवे पडदे व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात, आणि पावसाळ्यात मोटार उभी ठेवावयाची असेल तर कुंडी रिकामी करावी.

कार्बोरेटर बदलावयाचा केव्हा? अंगाला तडा गेला असेल, गंजाने आतले मार्ग खाल्ले असतील किंवा पट्टी सरळ होण्यापलीकडे वाकली असेल, तेव्हाच. माझ्या मते तोवर मूळ अंगच जपावे, कारण बाजारातील नव्या नगात आपल्या इंजिनाच्या मापाचे जेट असतीलच याची शाश्वती नसते. बदलताना जुन्या जेटांवरील अंक नव्याशी ताडून पाहावेत, इंजिन पूर्ण तापल्यावर चोक उघडा असताना मिश्रणाचा स्क्रू सर्वांत सुरळीत चालीवर आणून मग गतीचा स्क्रू उतरवावा, आणि काही दिवसांनी प्लग काढून पाहावेत: फिका तपकिरी रंग आला तर मिश्रण योग्य, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढुरके दिसले तर हवा जास्त. काढलेला जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नये. त्याचे जेट, स्क्रू व दांडे दुसऱ्या पद्मिनीच्या दुरुस्तीस उपयोगी पडतात.