भाजलेला हात आणि त्यानंतरचे महिने

भाजल्यावर काय लावायचं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. तूप, हळद, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस, निळी शाई. आमच्या पांडेसऱ्याच्या गल्लीत तर एका भाजलेल्या हाताला अर्ध्या तासात पाच सल्ले मिळतात, त्यातले दोन गुजरातीत आणि एक भोजपुरीत. पण दहाव्या दिवशी जखम कशी आहे, मनगट वळतंय का, हे विचारायला कुणी येत नाही. तोवर दुखणं कमी झालेलं असतं आणि सगळ्यांच्या लेखी विषय संपलेला असतो. खरं तर हात पुढे कसा राहणार हे याच दिवसांत ठरतं, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिणार आहे.

गेल्या वर्षी आखाजीला आईच्या हातावर तेल उडालं. कढईत सांजोरी फुटली. उजवं मनगट आणि त्याच्या वरचा थोडा भाग, एकूण तळहाताएवढा. बोटांसकट आपला तळहात म्हणजे आपल्या अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का. डॉक्टरही याच मापाने अंदाज घेतात. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण तळणाचं तेल १७०-१८० अंशांवर असतं आणि कातडीला चिकटून राहतं, त्यामुळे उकळत्या पाण्यापेक्षा ते खोल भाजतं.

पहिल्या तासाचं थोडक्यात सांगतो. वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही. सुरतेत एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कढत येतं, तेव्हा माठातलं पाणी तांब्याने सतत ओतत राहा. आणि सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, घड्याळ काढा. आमच्याकडे खरी अडचण इथेच आली. सणाच्या दिवशी बांगड्या वाढवायच्या कशा, म्हणून आई तयार होईना. शेवटी बायकोने साबणाचं पाणी लावून एकेक बांगडी सरकवून काढली. तासाभराने मनगट असं सुजलं होतं की त्या कापाव्याच लागल्या असत्या.

"कसाले दवाखाना?" हे आईचं ठरलेलं वाक्य. पण भाजलेला भाग सांध्यावर, चेहऱ्यावर, हातापायांच्या पंजावर किंवा गुप्तांगावर असेल, किंवा माणसाला मधुमेह असेल, तर जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवायचीच. आईच्या बाबतीत सांधाही होता आणि शुगरही. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, फोडांचं त्यांचं त्यांनी बघितलं (घरी फोड फोडायचे नाहीत), जाळीची पट्टी लावली आणि पुढचं ड्रेसिंग घरी कसं करायचं ते बायकोला आणि मला दाखवलं.

घरचं ड्रेसिंग अवघड नाही, पण घाईने करायचं काम नाही. सांगितलेली दुखण्याची गोळी अर्धा तास आधी द्यायची. हात साबणाने धुवायचे. पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही, कोमट पाण्याने भिजवून सुटू द्यायची. ओढली की नुकतीच आलेली नवी कातडी तिच्याबरोबर निघते. मग सौम्य साबण आणि स्वच्छ पाण्याने जखम हलक्या हाताने धुवायची, आधीचं मलम पूर्ण काढायचं, स्वच्छ कापडाने टिपून घ्यायचं. त्यावर मलमाचा पातळ थर, न चिकटणारी व्हॅसलिनची जाळी, वर कोरडं गॉज आणि सैलसर पट्टी. कापूस थेट जखमेवर कधीच नाही, त्याचे तंतू आत अडकतात.

मलमाबद्दल एक. मेडिकलवर "भाजल्याचं द्या" म्हटलं की सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम हातात पडतं. मोठ्या आणि खोल जखमांसाठी ते १९६०च्या दशकाच्या शेवटी आलं आणि त्याचा खूप उपयोग झाला. पण लहान, वरवरच्या जखमेत ते भरून येणं लांबवू शकतं, शिवाय त्याच्या थराखाली जखमेचा खरा रंग कळत नाही. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ते चालतच नाही. कोणतं मलम, ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

माझ्या धंद्यातली एक सवय इथे कामी आली. ऑफिसात आम्ही प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. तसा मी रोज एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात हाताचा फोटो काढत होतो. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही, फोटोत कळतो. कडेची लाली पसरत असेल, वास येत असेल, पू दिसत असेल, ताप असेल, किंवा कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि दोन आठवड्यांत जखम भरली नाही तरीही दाखवायचं, कारण जितका उशीर होतो तितकी जाड, वर आलेला व्रण राहण्याची शक्यता वाढते.

सगळ्यात कठीण काम मात्र जखमेचं नव्हतं. ज्या घरात सगळं एकाच हातावर चालतं, तो हात कोरडा ठेवायचा कसा? सहाव्या दिवशी आई पट्टी सोडून कणीक मळायला बसली. रागावून उपयोग झाला नाही. मग नाना उठले. तीस वर्षं डाइंग मिलमध्ये स्टेंटरवर काढलेला माणूस, त्यांनी भांडी घासायला घेतली. नंतर म्हणाले, मिलमध्ये कॉस्टिक अंगावर पडलं की सगळे पाण्याकडे धावायचे आणि बराच वेळ धूत राहायचे, पण घरी गेल्यावर त्या माणसाचं पुढे काय व्हायचं ते कुणाला कळायचं नाही. (कॉस्टिकला खरंच जास्त वेळ धुवावं लागतं, ते आत उतरत जातं. आणि मोठं भाजलं असेल तर १०८ लावून सरळ मजुरा गेटचं न्यू सिव्हिल गाठायचं.)

पथ्याचा वादही झाला. भात नको, पू होतो. वांगं नको, आंबट नको. जखम भरायला प्रथिनं जास्त लागतात, आणि नेमकं अशाच वेळी आपण माणसाला पेज देतो. आम्ही डाळ, मठ, दही, पनीर, मटकीची उसळ वाढवली. नाना स्वतःसाठी अंडी उकडायचे, आईने ती शेवटपर्यंत खाल्ली नाहीत. जखमेच्या दिवसांत शुगरही चढते, ती जास्त वेळा तपासली.

घरगुती उपायांना मी सरसकट नावं ठेवत नाही. मुंबईत वाडिया हॉस्पिटलचे डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८५ साली बटाट्याच्या सालीच्या पट्टीवर काम प्रसिद्ध केलं. सायन हॉस्पिटलच्या डॉ. माधुरी गोरे यांनी २००३च्या सुमारास केळीच्या पानाची पट्टी वापरून दाखवली. ती स्वस्त असते, जखमेला चिकटत नाही आणि काढताना दुखत नाही. जळगाव-रावेरकडच्या आपल्यासारख्यांना हे वाचून बरं वाटेल. पण ती पानं बँडेजवर चिकटवून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केलेली होती, परसातून तोडून आणलेली नव्हती. फरक एवढाच, पण तोच सगळा फरक आहे.

सोळाव्या दिवशी जखम बंद झाली. तिथून खाज सुरू झाली, रात्री झोप लागू न देणारी. नव्या कातडीत तेलग्रंथींचं काम नीट सुरू झालेलं नसतं, ती कोरडी पडते. दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचं मॉइश्चरायझर हलक्या हाताने चोळायचं, नखं कापलेली ठेवायची, खाजवण्याऐवजी थोपटायचं. फारच त्रास झाला तर डॉक्टर गोळी देतात.

आणि हालचाल. दुखतं म्हणून माणूस मनगट वाकवून धरतो आणि कातडी तशीच आखडते. डॉक्टरांनी सांगितल्यापासून आई रोज पाच-सहा वेळा मनगट मागे-पुढे, गोल फिरवत होती. व्यायाम म्हणून सांगितलं तर टाळायची. बायकोने तिला ओली कणीक न देता लाटणं दिलं, नुसतं पाटावर फिरवायला. ते चाललं.

उन्हाचं मात्र वर्षभर. गुलाबी कातडीला ऊन लागलं की डाग काळा पडून तसाच राहू शकतो. बाहेर जाताना बाही किंवा सनस्क्रीन, पावसाळ्यातही. या उत्तरायणाला आई गच्चीवर आली ती पूर्ण बाहीचा ब्लाउज घालून, भर उन्हात. शेजारच्या बेननी विचारलं, थंडी वाजते का? आईने बाही वर करून मनगट दाखवलं, दोन्हीकडे वळवून, आणि पुन्हा बाही खाली केली. मग फिरकी धरायला नातवाकडे गेली.