‘मी खेळतो!’ असं तो म्हणतो. पण पाय काय म्हणतो?

१९ जुलै १९६६. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातलं गुडिसन पार्क मैदान. विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत ब्राझीलची गाठ पोर्तुगालशी पडली होती. चेंडू घेऊन निघालेल्या पेलेला पोर्तुगालच्या मोराईसने पाडलं. पेले सावरून पुढे निघतो न निघतो तोच त्याने पुन्हा पाय घातला. पेले कोसळला. त्याला मैदानाबाहेर नेण्यात आलं, उपचार झाले आणि थोड्या वेळाने जगातला सर्वांत नावाजलेला फुटबॉलपटू लंगडत लंगडत परत आला. कारण सोपं होतं. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडू घेण्याची सोयच नव्हती. ब्राझील १-३ असा हरला आणि स्पर्धेबाहेर फेकला गेला.

सातच दिवस आधी बल्गेरियाच्या बचावपटूंनीही पेलेला असंच ठोकून काढलं होतं. त्या दुखापतीमुळे तो हंगेरीविरुद्ध खेळलाच नव्हता. मग एका आठवड्यात तो खरोखर बरा झाला होता का? की संघाला गरज होती म्हणून तो ‘बरा’ ठरला?

प्रत्येक जबर टॅकलनंतर हाच प्रश्न उभा राहतो. मग तो विश्वचषक असो, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा तालमींचा सामना असो, नाहीतर तुमच्या मुलाच्या शाळेचं मैदान. १९७०च्या विश्वचषकापासून बदली खेळाडू मिळू लागले, त्यामुळे लंगडत खेळण्याची सक्ती संपली. मोह मात्र संपलेला नाही.

पहिली दोन मिनिटं

खेळाडू पडला की फिजिओ धावत जातो. टीव्हीवर आपल्याला फक्त स्प्रे मारताना दिसतो; पण तेवढ्या वेळात तपासणीची एक ठरलेली शिडी चढली जाते. आधी बोलणं : कुठे दुखतंय? आवाज आला का? मग बघणं : सूज, वाकडेपणा, दुसऱ्या पायाशी तुलना. मग हाताने चाचपणं. त्यानंतर खेळाडूने स्वतः सांधा हलवायचा, नंतर फिजिओने हलवून पाहायचा. शेवटी उभं राहणं, चालणं, धावणं, उडी मारणं. कुठल्याही पायरीवर जोराची कळ आली की तिथेच थांबायचं आणि खेळाडूला बाहेर काढायचं.

घोट्यासाठी एक सोपी कसोटी आहे. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२मध्ये ती मांडली. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं का? दुखावलेल्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता येतात का? हाड दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायलाच हवा. ‘पाय हलतोय, म्हणजे मोडलेला नाही’ ही आपल्याकडची समजूत चुकीची आहे. मोडलेला पायही हलतो!

गुडघ्याची गोष्ट जास्त फसवी. ‘टक्’ असा आवाज झाला, दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आतला अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटल्याची दाट शंका घ्यावी. एक्स-रेमध्ये हा अस्थिबंध दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात आणि गरजेप्रमाणे एमआरआय करतात. काही दिवसांनी सूज उतरते, चालता येतं, मुलगा म्हणतो, ‘झालो बरा!’ पुन्हा मैदानात उतरतो, गर्रकन वळतो आणि गुडघा दगा देतो. अशा वेळी गुडघ्यातली गादीही फाटू शकते.

दुखणं थांबलं म्हणजे तंदुरुस्ती नव्हे

१० एप्रिल २००२ला डेव्हिड बेकहॅमच्या डाव्या पावलाचं हाड टॅकलमध्ये मोडलं. विश्वचषक तोंडावर आलेला. सारं इंग्लंड त्याच्या पावलाकडे डोळे लावून बसलं. ५३ दिवसांनी, २ जूनला तो स्वीडनविरुद्ध उतरला. ७ जूनला पेनल्टीवर गोल करून त्याने अर्जेंटिनाला हरवलं. पण उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलविरुद्ध कडेला दोघांशी झुंजताना त्याने पाय उचलून उडी घेतली, चेंडू गेला आणि ब्राझीलने बरोबरी साधली. ती उडी दुखऱ्या पायाच्या भीतीने होती की चेंडू रेषेबाहेर जाईल या अंदाजाने, यावर खूप चर्चा झाली. खरं काय ते त्यालाच ठाऊक. पण हाड जुळलं तरी मनातली भीती जायला वेळ लागतो, हे कुठलाही फिजिओ सांगेल.

म्हणूनच परतीचा रस्ता टप्प्याटप्प्याचा असतो. आधी सरळ धावणं, मग नागमोडी, मग एकदम थांबून वळणं, मग चेंडूसह सराव आणि सर्वांत शेवटी अंगाला अंग भिडवून खेळ. एका पायावर लांब उडी मारायला लावतात. दुखावलेल्या पायाने चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के अंतर तोडायला हवं. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर साधारण नऊ महिने सामना नको, असा आजच्या तज्ज्ञांचा सल्ला आहे.

घरी काय कराल?

मूल लंगडत घरी आलं की आपण आधी तेल घेऊन पाय चोळायला बसतो. पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका; सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाड दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोक्याला मार लागून उलटी, गोंधळलेपणा किंवा क्षणभर जरी बेशुद्धी आली, तरी तडक दवाखाना गाठा. त्या दिवशी खेळ बंद!

आणि एक गोष्ट. ‘मी खेळतो’ हे वाक्य पंधरा वर्षांचा मुलगाही म्हणतो आणि विश्वविजेताही. दोघांनाही मैदान सोडवत नाही. म्हणूनच तो निर्णय त्याच्यावर सोडायचा नसतो. आज एक सामना हुकला म्हणून मुलगा रुसेल, रात्री जेवणारही नाही. रुसू द्या. गुडघा गेला, तर पुढचे सगळेच सामने हुकतील.