एका जोडताऱ्याची साडेसव्वीस दिवसांची फेरी

कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास परभणीहून उत्तरेकडं बघा, शर्मिष्ठेच्या पाच ठळक तारका दिसतील. त्याच भागात, पण नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक जोडी आहे : एलएस आय +६१ ३०३. मोठा उष्ण तारा आणि त्याच्याभोवती साडेसव्वीस दिवसांत फेरी मारणारा छोटा सोबती. २०२० मध्ये चीनच्या फास्ट रेडिओ दुर्बिणीला तिथून ०.२७ सेकंदाला एक असे स्पंद मिळाले. म्हणजे सोबती न्यूट्रॉन तारा असणार.

या जोडीतून गॅमा किरण येतात. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा त्यांची ऊर्जा अब्जावधी पट. पण ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत! हवेवर आदळून कणांचा वर्षाव होतो आणि त्यातून निळसर प्रकाश चमकतो, सेकंदाचे काही अब्जांश एवढाच वेळ. यालाच चेरेन्कॉव्ह प्रकाश म्हणतात. तो टिपण्यासाठी आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं लडाखमध्ये हानले इथं, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण उभारली. ४ ऑक्टोबर २०२४ ला तिचं उद्घाटन झालं.

आता प्रश्न असा, की किरण या जोडीतूनच आले हे कशावरून? अशा दुर्बिणीला दोन तारे वेगळे दिसत नाहीत. म्हणून पाहायचा तो ताल. साडेसव्वीस दिवसांनी किरणांचा जोर पुन्हा तसाच वाढला, तर खूण पटली.

इथं चंद्र आडवा येतो. चांदण्यात ही चमक हरवते, म्हणून उत्तम निरीक्षणं अमावस्येच्या आसपासची. अमावस्या साडेएकोणतीस दिवसांनी येते. म्हणजे दर अमावस्येला जोडी तीन दिवस पुढं सरकलेली असते. सगळी फेरी अमावस्येच्या अंधारात बघून व्हायला जवळपास नऊ महिने लागतात.

कॅनरी बेटांवरच्या ‘मॅजिक’ दुर्बिणीनं २००५-०६ च्या हिवाळ्यात सहा फेऱ्या पाहिल्या. गंमत बघा, तारे सर्वांत जवळ असताना किरण क्षीण होते. सुमारे एक तृतीयांश फेरी पुढं गेल्यावर जोर वाढला. मोठ्या ताऱ्याजवळच्या दाट प्रकाशात गॅमा किरण शोषले जातात, हे त्याचं एक संभाव्य कारण.

एकाच अमावस्येच्या नोंदींवर विसंबलो असतो, तर या फेरीचा एक तुकडाच हाती लागला असता.