विहिरीच्या पाण्यांतील मीठ कसें मोजावें

वसई तालुक्याच्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेची खाडी आहे. अशा मुलुखांत जमिनीखालील गोडें पाणी हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. समुद्रसपाटीपासून त्याची पातळी जितकी उंच, त्याच्या सुमारें ४० पट खोलीपर्यंत गोडें पाणी असतें, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणून बेसुमार उपशानें ही पातळी एक फूट उतरली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें ४० फूट वर सरकूं शकतें. आचोळे गांवाभोंवतीं आतां दाट वस्ती झाली असून पाण्याची ओढ वाढली आहे. तेव्हां तेथील व आसपासच्या विहीरमालकांनीं या गोष्टीकडे दुर्लक्ष करणें हितावह नाहीं.

पाणी मचूळ लागलें म्हणजे आपण सावध होतों. परंतु जिभेस कळेपर्यंत केळीच्या पानांच्या कडा करपूं लागलेल्या असतात. नारळ बराच खारेपणा सोसतो, केळ सोसत नाहीं. यास्तव अंदाजावर न राहतां मीठ मोजावें हें उत्तम. या मोजणीस रसायनशास्त्रांत अनुमापन म्हणतात. इ. स. १८५६ च्या सुमारास कार्ल फ्रिड्रिख मोर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें मांडलेली रीत अद्यापि चालू आहे.

तिचें तत्त्व सोपें आहे. कर्जाची रक्कम ठाऊक नसली, तरी सावकार पुरे म्हणेपर्यंत रुपये मोजून देत गेल्यास, दिलेले रुपये म्हणजेच कर्ज होय. येथें कर्ज तें पाण्यांतील क्लोराइड, रुपये ते सिल्व्हर नायट्रेटचे थेंब, आणि 'पुरे' म्हणणारा तो पोटॅशियम क्रोमेटचा रंग.

एक लिटर शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यांत ४.७९ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट विरघळविलें, म्हणजे त्या द्रावणाचा १ मिलिलिटर १ मिलिग्रॅम क्लोराइडाची फेड करितो. विहिरीचें ५० मिलिलिटर पाणी पिपेटनें चंचुपात्रांत घेऊन त्यांत क्रोमेटचें थोडें द्रावण घालावें. पाणी पिवळें होतें. मग ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबानें सोडीत पात्र हालवीत राहावें. प्रथम पांढरा सांका बनून पाणी दुधाळ दिसतें. सर्व क्लोराइड संपतांच पुढचा थेंब तांबूस रंग आणितो. तो टिकला कीं थांबावें व ब्युरेटवरील आंकडा वाचावा. पाणी आम्ल असल्यास हा रंग नीट उमटत नाहीं. शुद्ध पाण्यावर हीच कृति करून जो अल्प आंकडा येईल, तो वजा करावा.

समजा, वैशाखांतील नमुन्यास १४.२ मिलिलिटर लागले व शुद्ध पाण्यास ०.२. बाकी १४, त्यास २० नीं गुणिलें असतां लिटरमागें २८० मिलिग्रॅम क्लोराइड झालें. त्याच विहिरीच्या आश्विनांतील नमुन्यास बाकी ४.५ उरल्यास ९० मिलिग्रॅम होतें. पाटानें पाणी देतांना सुमारें १४० पर्यंत धोका नाहीं, १४० ते ३५० पर्यंत नाजूक पिकांस जपावें, त्यापुढें पाणी घातक समजावें. मात्र क्लोराइड हा खारेपणाचा एक भाग आहे. इतर क्षारांची परीक्षाहि करवावी.

सिल्व्हर नायट्रेट कातडीस डाग पाडतें व डोळ्यांस अपाय करितें, उजेडानें बिघडतें. क्रोमेट विषारी आहे. म्हणून हें काम घरीं न करितां प्रयोगशाळेंत करवावें आणि उरलेलें द्रावण विहिरींत वा शेतांत ओतूं नये. नमुन्याची बाटली त्याच पाण्यानें तीनदां विसळावी, व पंप कांहीं वेळ चालल्यावर ती भरावी.

वर्षांतून दोनदां, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या अखेरीस, आंकडा वहींत लिहून ठेवावा. एका वर्षाचा आंकडा फारसें सांगत नाहीं. दर वैशाखीं तो चढत गेला, तर उपसा कमी करावा, विहिरीस विसांवा द्यावा, पावसाचें पाणी मुरवावें. अशा वेळीं विहीर अधिक खोल करणें म्हणजे खाऱ्या पाण्यास आपणच जवळ बोलाविणें होय. एकदां खारावलेली विहीर गोडी होण्यास बरींच वर्षें लागतात. वहींतील दोन ओळींस क्षणहि लागत नाहीं.