जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या प्लास्टिक भागांची दुरुस्ती

जुन्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या प्लास्टिक भागांची दुरुस्ती म्हणजे उत्पादन थांबलेल्या घरगुती खेळयंत्रांची तुटलेली, तडकलेली किंवा झिजलेली आवरणे, झडपा, खटके, कळा आणि स्क्रूचे खांब पुन्हा वापरण्याजोगे करण्याची प्रक्रिया होय. अशा यंत्रांतील विद्युत भाग अनेकदा तीस-चाळीस वर्षांनंतरही चालू स्थितीत असतात, प्लास्टिक मात्र त्याआधीच ठिसूळ होते. सुटे भाग नव्याने बनत नसल्यामुळे चुकीच्या पद्धतीने केलेली दुरुस्ती बहुधा कायमचे नुकसान ठरते.

पार्श्वभूमी

जपानी कंपनी निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' (फॅमिकॉम) हे यंत्र जपानमध्ये विक्रीस आणले. त्याचीच वेगळ्या आवरणातील आवृत्ती १९८५ मध्ये अमेरिकेत आली. भारतात १९९० च्या दशकात फॅमिकॉमच्या धर्तीवर बनलेली आठ-बिट यंत्रे मोठ्या प्रमाणावर विकली गेली. मीडिया, लिटिल मास्टर ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. मराठी घरांत या यंत्राला 'टीव्ही गेम' किंवा नुसते 'व्हिडिओ गेम' म्हणत आणि त्यात बसवावयाच्या खेळाच्या डबीला 'कॅसेट' म्हणत, जरी तिच्यात चुंबकीय फीत नसे.

निन्टेंडो किंवा सेगा यांच्या मूळ यंत्रांसाठी जगभर संग्राहक आहेत आणि काही नवे सुटे भागही मिळतात. नकलांच्या बाबतीत तसे नाही. त्यांपैकी बहुतेकांचे साचे, आराखडे व निर्माते यांची माहिती उपलब्ध नसते. महाराष्ट्रातील एका पिढीने प्रत्यक्षात खेळले ते मात्र याच यंत्रांवर. त्यामुळे तुटलेल्या नकलेचे जतन जवळजवळ पूर्णपणे घरगुती दुरुस्तीवर अवलंबून राहते. मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) येथील इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात विद्युत सुटे भाग मिळतात, परंतु विशिष्ट यंत्राची झडप किंवा खटका तयार मिळण्याची शक्यता फार कमी असते.

भाग तुटण्याची कारणे

बहुतेक खेळयंत्रांचे आवरण एबीएस (ॲक्रिलोनायट्राइल ब्युटाडाइन स्टायरिन) या प्लास्टिकचे असते. यातील ब्युटाडाइन हा रबरासारखा घटक त्याला लवचीकपणा देतो. प्रकाश व हवेतील ऑक्सिजन यांच्या परिणामाने हाच घटक प्रथम खराब होतो आणि प्लास्टिक ठिसूळ बनते. याखेरीज पुढील कारणे नेहमी आढळतात :

- स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळल्याने त्याचा खांब उभा चिरतो.
- पेन्सिल सेलच्या झाकणाचा खटका वारंवार वाकून मुळाशी तुटतो.
- कॅसेटच्या खाचेवरील झडपेच्या बारीक खुंट्या मोडतात.
- पीव्हीसीची वायर यंत्राभोवती गुंडाळून ठेवल्यास वायरीतील मऊपणा आणणारे रसायन झिरपते आणि आवरणावर वितळल्यासारखे चर पडतात.

प्लास्टिकची ओळख

दुरुस्तीची पद्धत प्लास्टिकच्या प्रकारावर ठरते, म्हणून ओळख पटवणे ही पहिली पायरी होय. काही आवरणांच्या आतील बाजूस प्लास्टिकचे संक्षिप्त नाव कोरलेले असते. ते नसल्यास दोन सोप्या चाचण्या उपयोगी पडतात.

पहिली चाचणी पाण्याची. तुटलेला बारीक तुकडा साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून सोडावा. पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर येतात. एबीएस व पॉलिस्टायरिन किंचित जड असल्याने बुडतात.

दुसरी चाचणी ॲसिटोनची. आतील न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब लावावा. एबीएस किंवा पॉलिस्टायरिन असल्यास पृष्ठभाग चिकट होतो. पॉलिप्रॉपिलीनवर काहीच परिणाम होत नाही. पारदर्शक भागांवर ही चाचणी करू नये, कारण ते बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटचे असतात आणि ॲसिटोनने धुरकट होऊन तडकतात.

दुरुस्तीच्या पद्धती

विद्रावकाने सांधणे : एबीएससाठी ही सर्वांत भक्कम पद्धत मानली जाते. ॲसिटोन दोन्ही कडांना विरघळवते आणि ते उडून गेल्यावर कडा एकजीव होतात. येथे मध्ये गोंदाचा वेगळा थर राहत नाही. तुकडे कोरडे जुळवून पाहावेत, बारीक कुंचल्याने आतील बाजूने ॲसिटोन लावावे, रबर बँडने हलका दाब द्यावा आणि किमान एक दिवस हात लावू नये. बाहेरच्या बाजूस थेंब ओघळल्यास चकाकी कायमची जाते.

एबीएसची लापशी : निकामी आवरणाचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवल्यास दाट लापशी तयार होते. तिने भेगा व टवके भरता येतात. स्क्रूचे मोठे झालेले छिद्रही असे भरून, पूर्ण वाळल्यावर त्यात नवे छिद्र पाडता येते. त्याच रंगाचे तुकडे वापरल्यास सांधा कमी दिसतो. थर पातळ द्यावेत, जाड थर आतून वाळण्यास अनेक दिवस लागतात.

झटपट गोंद : फेव्हिक्विकसारखे सायनोॲक्रिलेट गोंद सहज मिळतात, परंतु त्यांचा सांधा ठिसूळ असतो. वाकणाऱ्या खटक्यासाठी ते अपुरे पडतात. गोंदाच्या वाफेने आसपास पांढरट साय धरते. गोंदावर खाण्याचा सोडा टाकल्यास तो क्षणात दगडासारखा घट्ट होतो. ही युक्ती आतील कोपरे भरण्यास चांगली आहे, पण ती पुन्हा सोडवता येत नाही.

इपॉक्सी : राळ व कठीणक हे दोन भाग मिसळून वापरावयाचा हा गोंद पोकळी भरतो आणि ताण सहन करतो. चिरलेल्या खांबाभोवती इपॉक्सीत भिजवलेला दोरा घट्ट गुंडाळल्यास खांबाला कडे मिळते. मोडलेल्या खुंटीच्या जागी सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडून पोलादी तारेचा तुकडा इपॉक्सीने बसवतात.

उष्णतेने सांधणे : प्लास्टिकच्या खुर्च्या व बादल्या तापलेल्या लोखंडाने सांधण्याची रीत गावोगावी परिचित आहे. त्या वस्तू बहुधा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनच्या असतात आणि त्यांना साधा गोंद धरत नाही, म्हणून तेथे ही रीत योग्य ठरते. खेळयंत्राच्या पातळ एबीएस आवरणावर मात्र तिचा व्रण राहतो आणि विषारी धूर निघतो. म्हणून ती केवळ आतील बाजूस व शेवटचा उपाय म्हणून वापरावी.

नवा भाग छापणे : त्रिमितीय छपाईच्या एका प्रमुख पद्धतीच्या मूळ पेटंटची मुदत २००९ मध्ये संपल्यावर स्वस्त छपाईयंत्रे बाजारात आली. हरवलेली झाकणे व झडपा आता मोजमाप घेऊन छापता येतात. पीएलए हे छपाईस सोपे प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सियसला मऊ पडते, तर एबीएस सुमारे १०५ अंशांना. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवेचे तापमानच ४० अंशांच्या वर जाते आणि उन्हात उभ्या मोटारीत ते बरेच अधिक असते, हे लक्षात घेऊन प्लास्टिक निवडावे.

स्क्रू पुन्हा बसवणे

दुरुस्तीनंतरचे बरेच नुकसान यंत्र बंद करताना होते. स्क्रू खांबावर ठेवून प्रथम उलट दिशेने हळू फिरवावा. जुन्या आट्यात तो किंचित खाली बसल्याचे हाताला जाणवते. त्यानंतरच सुलट फिरवून केवळ टेकेपर्यंत आवळावा. असे न केल्यास स्क्रू नवे आटे कापतो आणि खांब कमकुवत होतो.

पिवळेपणा

पिवळे पडलेले आवरण हायड्रोजन पेरॉक्साइड व अतिनील प्रकाशाने उजळवण्याची 'रेट्रोब्राइट' ही पद्धत २००८ पासून प्रसिद्ध झाली. ती फक्त रंग सुधारते, ठिसूळपणा घालवत नाही. द्रावण असमान वाळल्यास ढगाळ डाग पडतात आणि काही काळाने पिवळेपणा परतूही शकतो. म्हणून तुटका भाग आधी सांधावा की उजळवावा, यापेक्षा उजळवण्याची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न आधी विचारावा.

सुरक्षितता

- यंत्र उघडण्यापूर्वी अडॅप्टर व टीव्हीची जोडणी काढावी आणि विद्युत पट्टी बाजूला ठेवावी.
- ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर वापरावे.
- सायनोॲक्रिलेट सुती कापडावर सांडल्यास तीव्र उष्णता निर्माण होऊन त्वचा भाजते. सुती हातमोजे वापरू नयेत.
- तीव्र पेरॉक्साइड त्वचा व डोळ्यांना इजा करते. लहान मुलांनी ते हाताळू नये.

जतनाचा दृष्टिकोन

वस्तुसंग्रहालयांत दुरुस्ती शक्य तितकी कमी आणि शक्य तेथे परत सोडवता येण्याजोगी ठेवतात. घरगुती दुरुस्तीतही हे तत्त्व लागू पडते. उघडण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, तुटलेला प्रत्येक तुकडा जपून ठेवावा आणि कोणता पदार्थ कोठे वापरला याची चिठ्ठी आवरणाच्या आत ठेवावी. तुटलेल्या भागाची मोजमापे नोंदवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ज्या यंत्रांचे साचे उपलब्ध नाहीत, त्यांच्या बाबतीत अशी नोंद हाच पुढील दुरुस्तीचा एकमेव आराखडा ठरू शकतो.