पोट लहान झाले, आता जेवायचे कसे?

पावसाळ्याचे दिवस होते. दवाखाना बंद करायच्या वेळेला देवळी तालुक्यातील एका खेड्यातून एक बाई यजमानांसोबत आल्या. वय चाळिशीचे. तीन महिन्यांपूर्वी नागपूरला त्यांच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. वजन चांगले उतरले होते आणि मधुमेहाच्या गोळ्याही कमी झाल्या होत्या. तक्रार एकच होती.

"डॉक्टरसाहेब, पोळीचा घास छातीतच अडकते, अन् मंग उलटून पडते."

मी आम्लपित्ताची गोळी लिहून दिली आणि तिखट, तेलकट टाळायला सांगितले. पंधरा दिवसांनी त्या तीच तक्रार घेऊन आल्या. मी गोळी बदलली. तिसऱ्या वेळी त्या आल्या तेव्हा यजमानांच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होत्या. पायांना मुंग्या येत होत्या, चालताना झोक जात होता आणि एका वस्तूच्या दोन दिसत होत्या. अशक्तपणा पाहून माझ्या कंपाउंडरने सवयीप्रमाणे ग्लुकोजची बाटली काढली. सुदैवाने मी आधी नागपूरच्या सर्जनना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "ग्लुकोज लावले नाही ना? आधी शिरेतून बी-वन द्या आणि लगेच इकडे पाठवा."

बाई बचावल्या. दोन-दोन दिसणे काही दिवसांत थांबले, पण चाल सुधारायला काही महिने गेले. दोन वेळा उलटीची तक्रार ऐकूनही मी "तुम्ही नेमके काय खाता?" हे विचारले नव्हते. ती चूक माझी होती. आजचा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींचा आहे.

शस्त्रक्रियेत होते काय?

नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा माझ्या दवाखान्यातही लोक तिच्याबद्दल विचारू लागले होते. आता आपल्या जिल्ह्यातील लोकही ती करून येतात. शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होते, पण त्यानंतरचे जेवण मात्र पुलगाव, आर्वी किंवा हिंगणघाटच्या स्वयंपाकघरात शिजते. खऱ्या अडचणी तिथे सुरू होतात.

तिचे दोन प्रकार अधिक केले जातात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पूर्वीचे जठर लिटरभर अन्न सहज सामावून घेत असे. आता सुरुवातीला अर्धी वाटीही जास्त होते.

निरोगी जठर हे घरातल्या पाट्यावरवंट्यासारखे काम करते. आपण घास नीट चावला नाही तरी ते त्याला घुसळून मऊ करते. शस्त्रक्रियेनंतर ही सोय बरीचशी जाते. म्हणून पोटाचे काम आता दातांनी करायचे, हे पहिले सूत्र.

न सोसण्याचे प्रकार

सर्व त्रास सारखे नसतात. पहिला प्रकार अडकण्याचा. खाता खाता छातीच्या मध्यभागी दाब येतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते, उचकी लागते किंवा नाकातून पाणी येते. घास मोठा, कोरडा, चिवट किंवा घाईचा झाल्याची ही खूण आहे.

दुसरा प्रकार गोडाचा. लाडू, जिलेबी, सरबत असे काही खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात कळा येतात आणि जुलाब होतात. साखर झपाट्याने आतड्यात उतरल्याने हे होते. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातील साखर एकदम उतरून थरथर सुटते, चक्कर येते. बायपासनंतर हा त्रास अधिक दिसतो.

तिसरा प्रकार दुधाचा. पूर्वी पचणारे दूध आता पोटात गुडगुडते, गॅस आणि जुलाब होतात. अशांना बहुधा दही आणि ताक सोसते.

आपल्या ताटातील पदार्थ

पोळी: सर्वांत जास्त तक्रार हिचीच. गव्हात चिकटपणा असतो, त्यामुळे ताजी, मऊ पोळीसुद्धा नीट न चावल्यास कणकेच्या गोळ्यासारखी चिकटून बसते. ज्वारीची भाकर त्यामानाने मोकळी होते. वरणात किंवा कढीत कुस्करून, भिजवून ती आधी करून पाहावी.

भात: मोकळा, फडफडीत भात पोटात दाटून बसतो. मऊ शिजवलेला दोन-तीन चमचे वरण-भात अनेकांना चालतो. गोळाभात मात्र बरेच महिने दूर ठेवावा. डाळीचे गोळे कोरडे असतात आणि वरून फोडणीचे तेल असते.

मटण आणि चिकन: कोरडे, धाग्याधाग्याचे मांस हमखास अडकते. सावजी रश्श्याचे तिखट आणि तेल त्यात भर घालते. खायचेच असेल तर खिमा करून, मऊ शिजवून, कमी तिखटाचा घ्यावा. मासा आणि ओलसर भुर्जी लवकर सोसते.

संत्री: कारंजा, आष्टी, आर्वी या पट्ट्यातील वाचकांनी हे नीट वाचावे. संत्र्याच्या फोडीवरील पापुद्रा आणि पांढरे धागे लहान झालेल्या पोटात नीट विरघळत नाहीत. असे धागे साचून त्यांचा गोळा झाल्याची आणि मार्ग अडल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. संत्रे बंद करायची गरज नाही. पापुद्रा सोलून आतला गर तेवढा चावून खावा. शेवग्याच्या शेंगेचाही गर खाऊन चोथा टाकावा. पालेभाजीचे देठ काढावेत.

साबुदाणा: एकादशी, चतुर्थीला खिचडी आलीच. ती चिकट आणि पिठूळ असते, प्रथिने नावापुरती असतात. उपास धरायचाच असेल तर दही, ताक यांवर धरावा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे.

तर्री-पोहे, सांबारवडी, कचोरी: तळणाने मळमळ होते. सोड्याच्या बाटल्यांनी गॅस होऊन पोट फुगते.

सोपे पदार्थ फसवतात

आता त्या बाईंकडे परत येऊ. पोळी उतरत नाही म्हणून त्यांनी ती सोडली. मग भाजी सोडली, वरणही सोडले. नंतर सविस्तर विचारले तेव्हा कळले की अनेक आठवडे त्या चहात बुडवलेले टोस्ट, बिस्किटे आणि साबुदाण्याची पेज एवढ्यावरच होत्या, आणि त्यातलेही बरेच उलटून पडत होते. घरी कोणाला सांगितले नव्हते.

"इतके पैसे लागले, अन् आता उलट्या होतात म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?" असे त्या म्हणाल्या.

बिस्किट, टोस्ट, आइस्क्रीम, आपल्या वर्ध्याचा गोरसपाक हे सारे तोंडात विरघळते, कुठेही अडकत नाही. म्हणून पोट त्यांच्याकडे ओढले जाते. पण त्यातून मिळतो मैदा, साखर आणि तूप. प्रथिने मिळत नाहीत. मग केस गळतात, दंड-मांड्या बारीक होतात, थकवा येतो, आणि पुढे वजनही परत वाढू लागते.

बी-वन या जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा तर दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्या चालू राहिल्या की तो संपतो. अशा वेळी नुसते ग्लुकोज दिले तर उरलेसुरले बी-वन ते वापरण्यात खर्च होते आणि मेंदूला इजा होऊ शकते. सर्जनचा तो प्रश्न त्यासाठीच होता.

रोज साधारण ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅम, २० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत १० ग्रॅम आणि वाटीभर घट्ट वरणात ५ ते ६ ग्रॅम प्रथिने असतात. पातळ वरणात बहुतेक पाणीच असते. म्हणून ताटातला पहिला घास प्रथिनांचा घ्यावा, पोळी-भात शेवटी. सोयाबीन वडी भिजवून, पिळून, बारीक वाटून वरणात घातली तर उतरायला त्रास होत नाही.

नवा पदार्थ कसा आजमावावा?

पहिले काही आठवडे पातळ, मग गाळीव, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम रुग्णालय लिहून देते. तो मोडू नये. त्यानंतर पुढील रीत ठेवावी.

१) एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यावा. तोही घरी, दिवसा, निवांत बसून. लग्नात किंवा एस.टी.च्या प्रवासात प्रयोग करू नये.

२) दोन-तीन छोटे चमचे घ्यावेत. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावावा. छोट्या वाटीतले जेवणही वीस ते तीस मिनिटे चालावे.

३) जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोट घोट प्यावे. दिवसभरात दीड लिटर तरी पोटात जावे. आपल्याकडच्या वैशाखात त्याहून जास्त लागेल.

४) दाब, लाळ, उचकी यांपैकी काहीही जाणवले की हातातला घास खाली ठेवावा. उठून थोडे चालावे. अडकलेला घास पाण्याने खाली ढकलू नये.

५) पदार्थ सोसला नाही तर वहीत लिहून ठेवावे आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करून पाहावा. पहिल्या वर्षात बरेच पदार्थ हळूहळू जमू लागतात. थोडे कायमचे जमत नाहीत, त्यांच्यावाचून अडत नाही.

६) जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. विशेषतः बायपासनंतर त्यांनी जखम होऊ शकते. दारू आता लवकर आणि जास्त चढते, म्हणून तीही नकोच.

घरच्यांसाठी चार शब्द

आपल्याकडे आग्रहाशिवाय जेवण होत नाही. त्या बाईंच्या सासूबाई मायेपोटी रोज म्हणत, "एवढा घास तरी घे वं माय." त्या एका घासाने उलटी होई. सासूबाईंना कोणी काही समजावूनच सांगितले नव्हते. म्हणून शस्त्रक्रियेआधीच घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला डॉक्टरांसमोर बसवावे. रुग्णाने वाटी खाली ठेवली तर तिला हात लावू नये. उलटी झाल्यास रागावू नये, टोमणा मारू नये. लपवलेली उलटी उघड्या उलटीपेक्षा अधिक घातक असते.

केव्हा धावायचे?

पाणीही राहत नसेल किंवा लाळसुद्धा गिळता येत नसेल, ताप आणि पोटात तीव्र वेदना असेल, शौच काळी होत असेल, तर वाट पाहू नये. उलट्या दोन-तीन दिवस थांबत नसतील तरी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. मुंग्या, झोक जाणे किंवा दोन-दोन दिसणे असेल तर त्याच दिवशी जावे. स्थानिक डॉक्टरांनी सलाईन लावायचे ठरवले तर आपली शस्त्रक्रिया झाली आहे हे आधी सांगावे आणि बी-वनबद्दल विचारावे. विचारण्यात संकोच नको. मलाही ते कोणीतरी विचारायला हवे होते.

एक साधी कसोटी लक्षात ठेवा. एखादाच पदार्थ सोसत नसेल तर पदार्थ तपासा, म्हणजे तो कसा शिजवला आणि किती घाईने खाल्ला ते पाहा. पण कुठलाच पदार्थ सोसत नसेल तर पोट तपासून घ्या. तिथे नळी अरुंद झालेली असू शकते, आणि त्यावर इलाज आहे. गिळायला सोप्या बिस्किटांकडे वळणे हा तो इलाज नव्हे.

त्या बाई आता दर तीन महिन्यांनी दाखवायला येतात. अर्धी भाकर वरणात कुस्करून, सावकाश खातात. पोळी अजूनही उतरत नाही. येताना वही आणतात आणि मी ती पहिल्या पानापासून वाचतो.

ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी हे कात्रण डिस्चार्ज कार्डासोबत फाईलमध्ये ठेवावे. रात्री-अपरात्री जवळच्या दवाखान्यात जावे लागले तर ती फाईल सोबत न्यावी.