विश्लेषण : एकट्याने डोंगर चढताना ‘परतीची वेळ’ का ठरवावी?

कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही नावे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातली. शनिवार-रविवारी इथे मोठ्या गटांची गर्दी असते. ती टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी एकट्यानेच वाटेला लागणारेही असतात. एकट्याने चालण्यात गैर काही नाही. मात्र पाय मुरगळला किंवा वाट चुकली, तर गटातला दुसरा माणूस जे करतो ते करायला इथे कुणी नसते. म्हणूनच निघण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : मागे कधी फिरायचे आणि आपण परतलो नाही हे कुणाला कळेल?

सगळ्या वाटा सारख्याच एकाकी असतात का?

नाही. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर. बारी गावातून जाणारी त्याची वाट रुळलेली असून अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सुट्टीच्या दिवशी तिथे एकटे राहायचे म्हटले तरी जमत नाही. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाटही वर्दळीची आहे. पण रतनवाडीतून कात्राबाई खिंड ओलांडून कुमशेतकडे उतरणाऱ्या वाटेवर दिवसभरात एकही माणूस न भेटण्याची शक्यता असते. रतनगड ते हरिश्चंद्रगड हा पूर्ण पल्ला बहुतेक गट दोन-तीन दिवसांत करतात. शिवाय गाडी रतनवाडीत आणि आपण कुमशेतला, अशी स्थिती झाली तर रस्त्याने परतायला राजूरमार्गे मोठा वळसा पडतो.

वाट चुकते ती कुठे?

चुकण्याच्या जागा बहुधा कड्यावर नसून पठारावर आणि जंगलात असतात. गुरांच्या पायाने पडलेल्या ढोरवाटा मूळ वाटेइतक्याच ठळक दिसतात आणि मध्येच कारवीत विरून जातात. घाटघर-रतनवाडी हा जिल्ह्यातला सर्वाधिक पावसाचा भाग. पावसाळ्यात धुके उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर निघालेल्या सहा जणांचा गट धुक्या-पावसात वाट चुकला. त्यांतील एकाचा थंडीने मृत्यू झाला. सोबत पाच जण असताना हे घडले, हे लक्षात घ्यायला हवे.

वेळेचे गणित कसे मांडायचे?

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरला जातो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट जाऊन-येऊन १८ किलोमीटरची आणि एकूण चढ १,२०० मीटरचा आहे. अंतराचे ३ तास ३६ मिनिटे आणि चढाचे दोन तास, म्हणजे ५ तास ३६ मिनिटे. हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे. सह्याद्रीतले घसारे, ऊन, पाणी पिणे, जेवण आणि वाट शोधणे धरून त्याची दीडपट करावी. म्हणजे सुमारे साडेआठ तास.

डिसेंबरच्या सुरुवातीला या भागात सूर्य सहाच्या आत मावळतो आणि दाट झाडीत त्याआधीच अंधारते. सकाळी साडेसहाला निघालेला माणूस तीनपर्यंत खाली येतो. नऊला निघालेल्याला साडेपाच वाजतात. त्याची वाट अर्धा तास जरी चुकली, तरी उरलेली उतरण अंधारात करावी लागते. म्हणून ‘परतीची वेळ’ घरीच ठरवावी. साडेसहाला निघून पाचच्या आत गावात पोहोचायचे असेल, तर पावणेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरायचे. माथा समोर दिसत असला तरीही.

मोबाइल असताना कुणी हरवते कसे?

फोनमधला जीपीएस उपग्रहांचे संकेत थेट पकडतो, त्याला मोबाइलचा टॉवर लागत नाही. नकाशा मात्र आधीच डाउनलोड करून ठेवावा लागतो. सांदण दरीसारख्या अरुंद घळीत किंवा उंच कड्याखाली आकाशाचा तुकडाच दिसतो, तिथे ठिकाण चुकीचे दाखवले जाऊ शकते. शिवाय रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी लवकर उतरते. फ्लाइट मोड लावल्यास ती टिकते, बहुतेक फोनमध्ये जीपीएसही चालू राहतो.

मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणी परिसरात एकट्याने गेलेल्या दिल्लीच्या तरुण अभियंत्याने वाट चुकल्याचे फोनवर कळवले होते. त्यानंतर फोन बंद झाला. शिवदुर्ग मित्र, पोलीस आणि एनडीआरएफ यांनी शोध घेतला, पण चार दिवसांनी दरीत त्याचा मृतदेह सापडला. ‘मी हरवलो आहे’ एवढ्या माहितीवर शोधाचे क्षेत्र आखता येत नाही. कोणत्या गावातून, किती वाजता, कोणत्या वाटेने निघालो हे आधी कुणाला ठाऊक असेल, तरच ते आखता येते.

थंडीचा धोका एवढा का?

शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्यासाठी बर्फ लागत नाही. भिजलेले सुती कपडे आणि माथ्यावरचा वारा पुरेसा असतो. थरथर, अडखळते बोलणे आणि चुकीचे निर्णय ही त्याची लक्षणे. गटात ती दुसऱ्याला दिसतात. एकट्याला आपली विचारशक्ती मंदावत असल्याचे कळतच नाही. त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला कपड्यांचा कोरडा जोड पावसाळ्यात पाण्याच्या बाटलीइतकाच गरजेचा.

नियम काय आहेत?

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. त्यातील नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी उपक्रम आयोजित करणाऱ्यांसाठी आहेत. एकट्या भटक्याला आयोजकच नसतो, त्यामुळे ही जबाबदारी त्याच्यावरच येते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे नियम मात्र त्यालाही लागू होतात.

निघण्यापूर्वी काय करावे?

- वाट, निघण्याची आणि परतीची वेळ घरच्या एकाला लिहून पाठवावी. ‘सात वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ वर कळव’ असे स्पष्ट सांगावे.
- पायथ्याच्या गावात आणि नाका असल्यास तिथे नाव व वाट सांगावी. अनोळखी वाटेसाठी गावातला वाटाड्या घ्यावा.
- दोन विजेऱ्या, शिट्टी, जास्तीचे पाणी, पॉवर बँक जवळ ठेवावी. मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, ही मदतीची आंतरराष्ट्रीय खूण आहे.
- वाट चुकल्याचे कळताच अनोळखी ओढ्याने खाली उतरू नये. सह्याद्रीत असे ओढे अनेकदा कड्यावर संपतात. शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागे जावे. ते जमत नसेल तर उघड्या, सुरक्षित जागी थांबावे.
- सुखरूप खाली आल्यावर घरी आणि गावात आधी कळवावे. नाहीतर घरी परतलेल्या माणसाला शोधायला गावकरी आणि बचाव पथक रात्री डोंगर चढतात.